मुंबई महापालिकेची कोविड-सेवा: खाट दारात आली, दहा हजारांसाठी मात्र पुरावा लागला

मुंबई महापालिकेने २०२० ते २०२२ या काळात दिलेल्या सेवेला एकच शेरा देता येत नाही. रुग्णाला खाट मिळवून देण्याची तिची व्यवस्था देशात नाव घेण्याजोगी ठरली. फेरीवाल्याच्या हातात पैसे पोचवण्याची व्यवस्था मात्र रडतखडत चालली. वॉर्ड ऑफिस दोन्हीकडे तेच होतं. पहिल्या कामात पालिका माणसाला शोधत त्याच्या दारात गेली. दुसऱ्या कामात माणसाने पालिकेच्या दारात जायचं होतं, आणि जाताना आपण कोण आहोत याचे कागद न्यायचे होते.

वॉर्ड वॉर रूम: पाचपैकी साडेचार

शहरात पहिले रुग्ण ११ मार्च २०२० ला सापडले. सुरुवातीचे काही महिने प्रयोगशाळा अहवाल थेट रुग्णाला कळवायची आणि रुग्ण घाबरून पालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर फोन लावायचा किंवा ओळखीपाळखीने रुग्णालय गाठायचा. एक कोटीहून जास्त वस्तीच्या शहराला हा एकच नंबर. त्यामुळे ज्याला लक्षणंच नाहीत तो खाट अडवून बसायचा आणि ज्याचा श्वास कोंडतोय तो रांगेत राहायचा. खाटा कमी होत्या हे खरं, पण होत्या त्या चुकीच्या माणसाला जात होत्या, हा जास्त मोठा घोळ होता.

मे २०२० मध्ये इक्बाल सिंह चहल आयुक्त झाले आणि जूनपासून हा क्रम उलटा केला गेला. प्रयोगशाळांनी बाधितांची यादी आधी पालिकेला द्यायची, पालिकेने ती पत्त्यांनुसार २४ वॉर्डांत वाटायची आणि सकाळी त्या-त्या वॉर्डच्या वॉर रूमने, म्हणजे नियंत्रण कक्षाने, रुग्णाला गाठायचं. एका वॉर रूमसाठी साधारण ३० फोन लाइन, १० ऑपरेटर, १० डॉक्टर आणि १० रुग्णवाहिका असा साचा ठरवला होता. खाटांचा एकत्रित डॅशबोर्ड समोर असल्यामुळे कुठे काय रिकामं आहे ते वॉर रूमला दिसायचं.

आकडे दाखवायला छान आहेत, पण व्यवस्थेचा कणा होती ती रुग्णांची वर्गवारी. रुग्णाचं वय, मधुमेह किंवा रक्तदाब, ऑक्सिमीटरवरचा आकडा, घरात वेगळी खोली आणि वेगळं शौचालय आहे का, एवढ्या प्रश्नांवर निर्णय व्हायचा. बाधिताच्या संपर्कात आलेल्यांना सीसीसी-१ (सीसीसी म्हणजे कोविड काळजी केंद्र), लक्षणं नसलेल्या किंवा सौम्य लक्षणांच्या बाधितांना सीसीसी-२, मध्यम आजाराला डीसीएचसी (कोविड आरोग्य केंद्र) आणि गंभीर आजाराला डीसीएच (कोविड रुग्णालय). ऑक्सिजन ९४ च्या खाली आला की माणूस सौम्य गटातून बाहेर. मोठ्या घरातल्या सौम्य रुग्णाला घरीच ठेवायचं, आणि दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण राहत असतील तर तोच सौम्य रुग्ण केंद्रात हलवायचा. म्हणजे आजाराइतकंच घर बघितलं जात होतं. मुंबईत हे केलं नसतं तर बाकी सगळं फुकट गेलं असतं.

यात बिघाड कुठे व्हायचा? सगळ्यात आधी नमुना देताना भरलेल्या फॉर्मवर. कुणी कामाच्या जागेचा पत्ता द्यायचं, कुणी दुकानदाराचा फोन नंबर. मग यादी भलत्याच वॉर्डात जायची आणि तिथल्या माणसाचा दिवस पत्ता हुडकण्यात मोडायचा. दुसरी अडचण रुग्णाच्या हक्काची होती. आपलाच अहवाल आपल्याला आधी का नाही, हा प्रश्न रास्त होता. जून २०२० मध्ये विषय सर्वोच्च न्यायालयासमोर गेल्यावर अहवाल रुग्णाला किंवा नातेवाइकालाही मिळावा हे ठरलं. तिसरी मर्यादा दुसऱ्या लाटेत दिसली. ४ एप्रिल २०२१ ला शहरात एका दिवसात ११,१६३ रुग्ण नोंदले गेले. वॉर रूम असलेली खाट योग्य माणसाला देऊ शकते, नसलेली आयसीयू खाट निर्माण करू शकत नाही. त्या आठवड्यांत तिच्यावर झालेली बरीचशी टीका खरं तर आयसीयूच्या एकूण संख्येवर व्हायला हवी होती. ओमायक्रॉनच्या वेळी, ७ जानेवारी २०२२ ला, आकडा २०,९७१ वर गेला, पण दाखल होणाऱ्यांचं प्रमाण कमी असल्याने व्यवस्था डगमगली नाही. तोवर घरगुती चाचणीचे किट मात्र सर्रास मिळू लागले होते. त्यावर बाधित ठरून गप्प बसलेला माणूस वॉर रूमच्या यादीत येतच नव्हता.

ऑक्सिजन

एप्रिल २०२१ च्या मध्यावर एका रात्रीत सहा रुग्णालयांतला ऑक्सिजन संपत आला आणि १६८ रुग्णांना दुसरीकडे, मुख्यतः जंबो केंद्रांत (साथीसाठी उभारलेल्या मोठ्या तात्पुरत्या कोविड केंद्रांत), हलवावं लागलं. हलवता आलं, कारण त्या केंद्रांत द्रवरूप ऑक्सिजनच्या टाक्या आणि भिंतीतून आलेली पाइपलाइन होती. लहान रुग्णालयं सिलिंडरवर चालतात. एका जंबो सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर वायू असतो. साध्या मास्कवर मिनिटाला ५ ते १० लिटर लागतो, म्हणजे सिलिंडर निदान साडेअकरा तास पुरतो. हाय-फ्लो नेझल कॅन्युला (नाकातून जोरात ऑक्सिजन सोडणारी नळी) मिनिटाला ६० लिटरपर्यंत ओढते. तिथे तोच सिलिंडर दोन तासही टिकत नाही. हाय-फ्लोवर चार-पाच रुग्ण असलेल्या नर्सिंग होमला दिवसाला किती सिलिंडर आणि ते बदलायला किती माणसं लागतील याचा हिशेब कुणीही करावा. ज्या शहराला पुढच्या साथीची तयारी करायची आहे त्याने व्हेंटिलेटर मोजण्याआधी टाक्या मोजाव्यात.

५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीला मुंबईच्या ऑक्सिजन व्यवस्थापनाकडून शिकायला सांगितलं. कौतुक सार्थ होतं, फक्त त्याच्या आधी ती रात्र होऊन गेली होती हे लक्षात असावं.

खाजगी रुग्णालयांचं बिल

२१ मे २०२० च्या राज्य सरकारच्या आदेशाने खाजगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधले गेले. वॉर्ड आणि विलगीकरणासाठी दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. अंमलबजावणी पालिकेची, त्यासाठी मोठ्या रुग्णालयांवर लेखापरीक्षक नेमले गेले.

दर ऐकायला स्पष्ट वाटतो. खोच होती त्याच्या बाहेर राहिलेल्या गोष्टींत. पीपीई किट, सीटी स्कॅन आणि एमआरआय, टॉसिलिझुमॅबसारखी महागडी औषधं, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) घालण्यासारख्या प्रक्रिया, हे सगळं ९,००० च्या बाहेर. बिल फुगायचं ते नेमकं तिथे. एकाच वॉर्डात दहा रुग्ण तपासणारा डॉक्टर एक किट घालतो, पण ते दहा बिलांवर लागलं तर दाद कुठे मागायची? उरलेल्या २० टक्के खाटांना ही मर्यादा नव्हती, आणि रुग्ण नेमका कोणत्या खाटेवर आहे हे दाखल होताना नातेवाइकाला कळत नसे. वॉर रूममार्फत गेलेल्याची नोंद पालिकेकडे असायची, त्यामुळे त्याची तक्रार टिकायची. परस्पर दाखल झालेल्याला घासाघीस एकट्याने करावी लागायची. बिलातली प्रत्येक ओळ वेगळी मागून घेणं आणि किटची संख्या दिवसांशी ताडून पाहणं, एवढ्यानेही रक्कम खाली यायची.

चाचणीच्या दराचं काम त्यामानाने चोख. सुरुवातीला ४,५०० रुपयांपर्यंत असलेली आरटी-पीसीआर चाचणी टप्प्याटप्प्याने उतरवत ३१ मार्च २०२१ ला केंद्रावर ५००, रुग्णालयात ६०० आणि घरी येऊन ८०० रुपयांवर आणली गेली. अपवाद नाहीत, पोटकलमं नाहीत. म्हणूनच तो दर लोकांच्या तोंडी बसला.

धारावी

सुमारे अडीच चौरस किलोमीटर, काही लाख माणसं, पहिला रुग्ण १ एप्रिल २०२०. जी-उत्तर वॉर्डाने इथे काय केलं यावर इतकं लिहून झालंय की फक्त दोन गोष्टी पुरेत. पहिली, सार्वजनिक शौचालयं. बहुसंख्य वस्ती त्यांच्यावर अवलंबून, म्हणून ‘घरात बसा’ हा आदेश इथे अर्धाच पाळता येतो. शौचालयांचं निर्जंतुकीकरण दिवसातून अनेकदा करणं हे इथलं पहिलं औषध होतं. दुसरी, वस्तीतले खाजगी डॉक्टर. बाहेरून आलेल्या सरकारी पथकाला दार उघडायला लोक कचरतात, नेहमीच्या डॉक्टरला नाही. पालिकेने त्यांना पीपीई देऊन तपासणीत सोबत घेतलं, शाळा आणि क्रीडासंकुल विलगीकरणासाठी घेतली आणि तिथे जेवणाची सोय केली. जेवणाची खात्री नसती तर रोजंदारीवरचा माणूस चौदा दिवस आत राहिला नसता. १० जुलै २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा उल्लेख केला आणि मग प्रत्येक शहराला ‘धारावी मॉडेल’ हवंसं झालं. शौचालयांचा भाग मात्र बहुतेकांनी वगळला.

लसीकरण केंद्रांबद्दल थोडक्यात. गर्दी आणि तुटवडा देशभर होता, त्याचं खापर पालिकेवर फोडता येत नाही. दादरच्या वाहनतळात गाडीतूनच लस घेण्याची सोय वृद्धांना फार उपयोगी पडली. सोसायट्यांतल्या खाजगी शिबिरांवर मात्र लक्ष उशिरा गेलं. ३० मे २०२१ ला कांदिवलीच्या एका सोसायटीत ३९० जणांना बनावट लस टोचली गेली. जागीच नोंदणी नाही, नंतर आलेली प्रमाणपत्रं वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावाची, ही लक्षणं डोळ्यांसमोर होती. वॉर्डला आधी कळवूनच शिबिर घेण्याचा नियम त्यानंतर आला.

दुकानदारांच्या वाट्याला: पाचपैकी दोन

५ जून २०२० पासून रस्त्याच्या एका बाजूची दुकानं विषम तारखेला आणि दुसऱ्या बाजूची सम तारखेला. कागदावर गर्दी निम्मी होते. प्रत्यक्षात गिऱ्हाईक दोन दिवसांची खरेदी एका दिवसात करायला येतं, म्हणून उघड्या बाजूला दुप्पट दाटी. चौकातल्या, दोन्ही रस्त्यांवर दारं असलेल्या दुकानाची बाजू कोणती, हे ज्या-त्या वॉर्डाने ठरवायचं. फुलं, बेकरी, भाजी असा नाशवंत माल विकणाऱ्याला एक दिवसाआड धंदा म्हणजे एक दिवसाआड नुकसान. ऑगस्टमध्ये ही पद्धत गेली. उपाहारगृहं ५ ऑक्टोबर २०२० ला निम्म्या क्षमतेने उघडली. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा किराणा आणि भाजीला सकाळी ७ ते ११ ची चार तासांची मुभा, म्हणजे आठवड्याची गर्दी त्या चार तासांत कोंबलेली.

नियम बहुतेक राज्याचे, पालिका त्यांची अंमलदार. तरी दोन दोष तिच्या पदरात पडतात. परिपत्रक संध्याकाळी निघायचं आणि अंमल दुसऱ्या सकाळी, त्यामुळे माल भरलेला दुकानदार फसायचा. आणि बंद ठेवलेल्या काळाची भरपाई म्हणून थेट काही देणारी खिडकी वॉर्डात नव्हती. दंड वसूल करणारी होती.

खर्चाबद्दलही इथेच. साथकाळातल्या साडेतीन हजार कोटींहून अधिक खर्चाच्या नोंदी कॅगने मागितल्या तेव्हा पालिकेने १८९७ च्या साथरोग कायद्याचा आधार घेत त्या दिल्या नाहीत. सेवा कितीही चांगली असो, पावती न दाखवणाऱ्याचे गुण कापावेच लागतात.

मृताच्या वारसांना ५० हजार

ही मदत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे आली. ४ ऑक्टोबर २०२१ ला निकष मान्य झाले, नोव्हेंबरअखेर राज्याचा निर्णय निघाला, अर्ज ऑनलाइन. चाचणीपासून ३० दिवसांत झालेला मृत्यू रुग्णालयाबाहेर झाला तरी धरायचा, त्या काळातली आत्महत्याही धरायची. नियम उदार होते. अडकायचं ते कागदांच्या गफलतीत. लोक जन्म-मृत्यू नोंदणीचं प्रमाणपत्र जोडायचे, पण मृत्यूचं कारण लिहिलेलं असतं ते डॉक्टरने भरलेल्या नमुना ४ किंवा ४-अ मध्ये. त्यावर ‘न्यूमोनिया’ किंवा ‘हृदयक्रिया बंद’ एवढंच असेल तर चाचणीचा अहवाल, नाहीतर सीटी स्कॅन आणि दाखल असतानाचे केसपेपर घेऊन तक्रार निवारण समितीपुढे जावं लागायचं. कारणाचा उल्लेख नाही एवढ्यावरून अर्ज फेटाळायचा नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केलं होतं. आधार आणि अहवाल यांवर नावाची स्पेलिंग वेगळी असणं हा दुसरा खोडा.

इथे एक गोष्ट खटकते. बाधित माणसाचं नाव, पत्ता, दाखल तारीख, सगळं वॉर रूमकडे आधीच होतं. त्याच यादीवरून वारसांना पालिकेने स्वतः फोन करायला हवा होता.

फेरीवाल्याचे दहा हजार: शिफारसपत्राची गोष्ट

१३ एप्रिल २०२१ ला राज्याने जाहीर केलेल्या ५,४७६ कोटींच्या पॅकेजमध्ये फेरीवाल्यांना १,५०० रुपये होते, पण नोंदणीकृत फेरीवाल्यांना. मुंबईत २०१४ च्या सर्वेक्षणात सुमारे ९९ हजार अर्ज आले होते. अधिवासाच्या अटीसह छाननी झाल्यावर पात्र उरले ते त्याच्या कितीतरी खाली. म्हणजे पदपथावर रोज उभा राहणारा, पालिकेच्या गाडीला रोज ओळखणारा माणूस मदतीच्या यादीत नव्हता. अतिक्रमण हटवताना तो दिसतो, पैसे देताना दिसत नाही.

केंद्राची पीएम स्वनिधी योजना १ जून २०२० ला आली, ती या बाबतीत बरी. २४ मार्च २०२० ला किंवा त्याआधी धंदा करत असलेल्याला तारणाशिवाय १०,००० रुपयांपर्यंत, एका वर्षात मासिक हप्त्यांनी फेडायचे. विक्री प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र असलेला सरळ अर्ज करतो. सर्वेक्षणात नाव आहे पण प्रमाणपत्र नाही, त्याला तात्पुरतं प्रमाणपत्र निघतं. सर्वेक्षणातून सुटलेल्याला पालिकेचं शिफारसपत्र लागतं. त्यासाठी फेरीवाला संघटनेचं सदस्यत्व, धंद्यासाठी पूर्वी घेतलेल्या कर्जाचे कागद, किंवा यातलं काहीच नसेल तर साध्या कागदावर अर्ज आणि त्यावर जागेवर जाऊन चौकशी. १५ दिवसांत निकाल द्यायचा, असं नियम सांगतो. साध्या कागदावरच्या अर्जाची ही वाट फार थोड्या फेरीवाल्यांना ठाऊक असते, आणि खिडकीवरचा कर्मचारी ती आपणहून सांगत नाही.

अर्ज करताना क्रम पाळावा. आधी आधारला चालू मोबाइल जोडून घ्यावा, नाहीतर ओटीपी जुन्या, बंद पडलेल्या नंबरवर जातो आणि अर्ज पहिल्याच पायरीवर थांबतो. मग खातं कोणत्या शाखेत आहे ते पाहावं. खातं गावच्या शाखेत असेल आणि तीच बँक निवडली, तर सही करायला गाव गाठायची वेळ येते. तिसरं, शिफारसपत्र मिळालं म्हणजे कर्ज मिळालं असं नाही. पुढे बँक तिची तपासणी करते आणि जुनं थकलेलं कर्ज असेल तर अर्ज तिथेच पडून राहतो.

हप्त्याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. सूक्ष्म वित्त संस्थेने २४ टक्के व्याज लावलं तर १०,००० वर महिन्याला ९४६ रुपये, वर्षभरात व्याज सुमारे १,३५०. बँकेने १२ टक्के लावलं तर हप्ता ८८८ च्या आसपास. ७ टक्के व्याज-अनुदान हप्त्यातून वजा होत नाही, ते दर तिमाहीला खात्यात येतं आणि वर्षाकाठी चारशेच्या आसपास भरतं. त्यावर डिजिटल व्यवहारांचा परतावा, महिन्याला जास्तीत जास्त १०० रुपये. दोन्ही पूर्ण मिळाले तर २४ टक्क्यांचं कर्जही फुकटात पडतं. पण सुरुवातीच्या नियमांनुसार १०० रुपयांसाठी महिन्यात २०० व्यवहार लागायचे आणि प्रत्येक किमान २५ रुपयांचा. पंधराचा एक वडापाव विकणाऱ्याचा क्यूआर कोड दिवसभर वाजला तरी तो व्यवहार मोजला जात नसे. भाजीवाल्याला हा परतावा सहज जमायचा, चहावाल्याला नाही. हप्ता थकून खातं एनपीए (बुडीत) झालं की अनुदानही बंद.

२७ ऑगस्ट २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने योजना ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवली. आता पहिलं कर्ज १५,०००, दुसरं २५,०००, तिसरं ५०,००० पर्यंत, आणि दुसरं फेडणाऱ्याला यूपीआयशी जोडलेलं रुपे क्रेडिट कार्ड. पहिलं फेडून दुसऱ्याला जाणाऱ्याने शाखेतून कर्ज बंद झाल्याचं पत्र लेखी घ्यावं आणि पोर्टलवर ते बंद दिसतंय का हे अर्जाआधी पाहून घ्यावं.